पोले बाईंचा आकडा

मागच्या आठवड्यात एका लग्नाच्या पंगतीत शेजारचे गृहस्थ मला सांगत होते, की नवरदेवाच्या वडिलांशी त्यांचे संबंध फार घट्ट आहेत. माझ्या तोंडून पटकन निघून गेलं, "किती घट्ट?" गृहस्थांचा हात जिलबीसकट तोंडाजवळ थांबला. मी भांडण उकरून काढतोय असं त्यांना वाटलं असावं. नंतर जेवण होईपर्यंत ते माझ्याशी एक शब्द बोलले नाहीत.

हा प्रश्न माझा नव्हे, पोले बाईंचा. डॉ. भागीरथी पोले आमच्या हिंगोलीच्या कॉलेजात रसायनशास्त्र शिकवायच्या आणि मी मराठी. त्यांची प्रयोगशाळा आणि माझा वर्ग यांच्यात एक भिंत होती. पण बाईंच्या आवाजापुढे त्या भिंतीचं काही चालत नसे. त्यांच्या घरी पिढ्यान् पिढ्या मेंढरं. लहानपणी माळावर पांगलेल्या मेंढ्यांना हाका मारून तयार झालेला तो आवाज, त्याला माइक कधी लागलाच नाही. मी इकडे विरहाची कविता शिकवायला घ्यावी आणि नेमकं पलीकडून यावं, "अरे, आधी कोरं मोजलं का?" माझ्या कित्येक कविता तिथंच बसल्या.

'कोरं' म्हणजे काय, हे मला बरंच उशिरा समजलं. जे मोजायचंय ते सोडून बाकी सगळं भांड्यात घालायचं आणि यंत्र काय दाखवतं ते आधी पाहायचं. यंत्रानं शून्याच्या आसपास दाखवलं तरच पुढची मोजणी खरी. बाईंनी हा नियम प्रयोगशाळेपुरता ठेवला असता तर आमचं काही म्हणणं नव्हतं. पण कळमनुरीच्या बाजारात वांगी घेतानाही त्या म्हणायच्या, "आधी रिकामा काटा दाखव."

"बाई, शून्यच हाय की," वांगीवाला म्हणे.

"मंग दाखवायला काय तकलीफ हाय?"

स्टाफरूममध्येही तेच. यंदा निकाल चांगला लागला असं प्राचार्यांनी अभिमानानं सांगितलं, की बाई विचारायच्या, "कशापेक्षा?" विचारताना त्यांच्या चेहऱ्यावर जरासुद्धा खवचटपणा नसे. त्यांना खरोखरच जाणून घ्यायचं असे, आणि प्राचार्यांची अडचण नेमकी तीच होती.

बाई उंच, हाडापेरानं मोठ्या. भराभरा चालायच्या, बरोबरच्या माणसाला अर्धं पळावं लागे. खुर्चीत बसलेलं मी त्यांना फार क्वचित पाहिलं. लग्न केलं नव्हतं. त्याबद्दल कोणी आडून विचारलं तर सरळ सांगायच्या, "जमलं न्हाई. चांगली स्थळं आली, पण त्यायला माझं यंत्र ठिवायला घरात जागा नव्हती." यात गंमत किती आणि खरं किती, ते मला शेवटपर्यंत ठरवता आलं नाही.

एकदा मी त्यांना विचारलं, "बाई, तुम्ही नेमकं काय मोजता हो?"

"धरलं का न्हाई ते," त्या म्हणाल्या. माझा चेहरा पाहून पुढं सांगू लागल्या, "आमच्या मेंढरात एखादी मेंढी मेली का तिचं कोकरू दुसरीला लावावं लागतं. दोन रोजांनी लोक म्हणायचे, धरलं बरं तिनं. आमचा बा म्हणायचा, आता काय सांगावं, सोडवून बघू. कोकरू उचलून लांब न्यायचा. मेंढी मागं आली तं धरलं. चरत राहिली तं न्हाई धरलं. मी तेच करते सर. फक्त माझ्या मेंढ्या दिसत न्हाईत."

त्यांची मेंढी म्हणजे अल्ब्युमिन, रक्तातलं एक प्रथिन. कोकरू म्हणजे कर्क्युमिन, ज्याच्यामुळे हळद पिवळी दिसते तो लहानसा रेणू. हा रेणू त्या प्रथिनाला किती घट्ट चिकटतो, हे बाई मोजायच्या. आमच्या जिल्ह्यात हळदीला काही तोटा नाही, आणि दुरून महागडी रसायनं मागवायला कॉलेजची ऐपत नव्हती. अंगणात जे पिकतं त्यावरच काम करायचं, असं बाईंनी ठरवून टाकलं होतं. घट्टपणा आकड्यात कसा मांडायचा, हे त्यांनी मला एसटी स्टँडवर समजावलं.

"अल्ब्युमिन म्हणजे रक्तातली येष्टी समजा. औषध म्हणा, चरबी म्हणा, जे दिसंल ते बसवून घेती आन गावोगाव नेती. आता एका गाडीच्या अर्ध्या जागा भरायला स्टँडवर थोडीच माणसं पुरली. दुसरीच्या अर्ध्या भरायला सारी जत्रा लागली. कोन्त्या गाडीची ओढ जास्त?"

"पहिलीची."

"झालं. अर्ध्या जागा भरायला किती रेणू लागले, तोच आपला आकडा. आकडा जितका ल्हान तितकी पकड घट्ट."

"म्हणजे जितकं घट्ट तितकं चांगलं," मी शहाणपणानं म्हणालो.

"काहून? गाडीतून उतरायचंच नाव घेतलं न्हाई तं माणूस घरी कसा पोचल?"

पुढं प्रेमकविता शिकवताना हे वाक्य मी बाईंचं नाव न घेता बिनदिक्कत वापरलं. पोरं माना डोलवायची.

हळदीच्या बाजारातला एक व्यापारी एकदा बाईंकडे आला. आपल्या पाकिटावर छापायला त्याला प्रयोगशाळेचा शिक्का हवा होता. म्हणाला, "आमची हळद रक्तातल्या प्रथिनाला धरती, एवढं लिहून द्या."

"धरती," बाई म्हणाल्या. "पण खाल्लेल्यातली रक्तापर्यंत किती जाती ते इचारा."

"किती जाती?"

"लई थोडी. बरीचशी आधीच संपती."

"मंग ते नका लिहू."

"मंग हे बी न्हाई लिहिणार."

व्यापारी हसत उठला आणि जाताना माझ्याजवळ म्हणाला, की बाई फार कडक आहेत. मला काही त्या कडक वाटायच्या नाहीत. अर्धं खरं सांगणं त्यांना जमायचंच नाही, एखाद्याला शीळ घालता येत नाही तसं.

त्यांच्या यंत्रात एक काचेची चौकोनी कुपी ठेवायची, अंगठ्याएवढी. तिच्यात प्रथिनाचं पाणी भरायचं. वरून हळदीचा रंग थेंबाथेंबानं सोडायचा आणि निळा उजेड पाडायचा. हा रंग नुसत्या पाण्यात जवळजवळ मुका असतो. प्रथिनात जाऊन बसला की हिरवट चमकतो. ती चमक यंत्र मोजतं. एकदा बाईंनी ती मला नुसत्या डोळ्यांनी दाखवली. खिडक्या लावून कुपीवर निळा दिवा धरला आणि एक थेंब टाकला. अंधारात ती हिरवी चमक उमटली. मी कवितेचा माणूस, बाईंना आणखी एक थेंब टाकायला लावला. बाईंनी खिडक्या उघडल्या आणि म्हणाल्या, "आता कळलं, मी काहून लग्न केलं न्हाई?"

यंत्र आलं त्या वर्षी एक भानगड झाली. श्रावणात मोजलेली पकड सैल निघाली आणि होळीच्या सुमारास तीच घट्ट. यंत्र तेच, माणसं तीच. स्टाफरूममध्ये तर्कांना ऊत आला. उन्हामुळे असेल, असं भूगोलाचे सर म्हणाले. यंत्राच्या आत गारवा कायम सारखाच ठेवलेला असतो, म्हणून बाईंनी ते बाद केलं. विजेचा दाब, पाण्याचा क्षार, एकेक करत सगळं बाद झालं. कोरं तपासलं होतं, तेही स्वच्छ होतं. आठ-दहा दिवस बाई कोणाशी धड बोलल्या नाहीत.

शेवटी कारण सापडलं ते हातमोज्यांच्या खोक्यात. होळीच्या आसपास आमच्याकडे हळद शिजवायचा, वाळवायचा आणि पॉलिश करायचा हंगाम जोरात असतो. पोरं-पोरी पहाटे घरच्या कढईवर राबून कॉलेजला येतात आणि सगळ्यांची बोटं पिवळी असतात. प्रयोगाआधी पोरं शिस्तीनं हातमोजे घालायची. पण घालायची ती पिवळ्या बोटांनीच, बाहेरून धरून, ओढून. हातमोज्याला बाहेरून हळद, तिथून कुपीला. बरं, त्या वर्षी अजून कोरं तपासताना कुपीत नुसतं पाणी असायचं, आणि पाण्यात तर रंग मुकाच. प्रथिन घातल्यावर तो बोलू लागायचा. तोवर काही जागा आधीच भरलेल्या असायच्या आणि वाटायचं, काय सहज बसतोय. पुण्या-मुंबईच्या प्रयोगशाळेत ही चूक कोणाकडून झालीच नसती. ती करायला घरी हळदीची कढई लागते.

बाईंनी खोकं उचलून सगळ्यांना दाखवलं. आतले मोजे फिकट पिवळे झाले होते. बाई इतक्या हसल्या की मी वर्ग सोडून पाहायला गेलो. त्या दिवसापासून कोऱ्यातही प्रथिन घालायचं ठरलं. आणि हंगामापुरता एक नियम झाला: ज्यांच्या घरी मेंढरं-बकऱ्या, त्यांनी मोजायचं, आणि ज्यांच्या घरी हळद, त्यांनी आकडेमोड करायची. त्या साली बाईंनी पावसाळ्यात सगळं पहिल्यापासून मोजलं आणि तो आकडा छापून आला. एका चांगल्या नियतकालिकात, पोले बाईंच्या नावावर, आमच्या कॉलेजच्या पत्त्यासह. प्राचार्यांनी तो माहितीपुस्तिकेत घातला. पुढं बाहेरच्या दोन-तीन जणांनी आपल्या लेखांत त्याचा आधार घेतला, तेव्हा बाईंनी स्टाफरूममध्ये पेढे वाटले. एरवी त्या पेढे वाटणाऱ्यांतल्या नव्हेत.

अश्विनी ही हळदवाल्यांपैकी. डोंगरकडा गावची, घरची शेती, एमएस्सीला बाईंच्याच हाताखाली शिकलेली. हात असा स्थिर की थेंब सोडताना श्वास घेतेय की नाही, असा प्रश्न पडावा. तिला पीएचडी करायची होती. अडचण एवढीच, की आमच्या कॉलेजला संशोधन केंद्राची मान्यता नव्हती. पीएचडी करायची तर नांदेडला किंवा त्याहून लांब राहावं लागणार होतं. एक दिवस तिचे वडील स्टाफरूमला आले. टोपी काढून मांडीवर ठेवली आणि खुर्चीच्या कडेवर बसले.

"बाई, पोरगी हुशार हाय, मला दिसतंय ते. हितं आसन तं शिकू द्या. येष्टीनं जाती, येष्टीनं येती. भायेर ठिवायची आमची सोय न्हाई. लोकं स्थळं आणून राहिलेत, मी थांबवून धरलं हाय. पण किती थांबवू?"

त्यांच्या बोलण्यात अरेरावी नव्हती. होतं ते सगळं त्यांनी समोर मांडलं.

"हितंच व्हईल," बाई म्हणाल्या.

"बराबर?"

"बराबर."

ते गेल्यावर मी बाईंना म्हणालो, की मान्यता काय तुमच्या हातात आहे? त्या म्हणाल्या, "न्हाई. पण माणूस इचारून राहिला होता, त्याला काय मराठीच्या सरांवाणी व्हईल-न्हाई-व्हईल सांगू?" मी हा टोमणा गिळला. खरं तर मला काळजीच वाटत होती. बाईंना निवृत्तीला थोडीच वर्षं राहिली होती, त्यामुळे नियमाप्रमाणे त्यांना नवीन विद्यार्थी घेता येणार नव्हते. मान्यता मिळाली तर ती बाईंच्याच विभागातल्या तरुण शेख सरांच्या उपयोगाची, अश्विनीच्या उपयोगाची. बाईंच्या पदरात त्यातलं काहीच पडणार नव्हतं. आणि तरी वर्षभर सगळ्या खेपा त्यांनीच घातल्या.

विद्यापीठाची समिती यायचं ठरलं ते नेमकं ऐन हळदीत. समितीला प्रत्यक्ष मोजणी पाहायची होती. प्राचार्य म्हणाले, तुम्हीच करून दाखवा. बाई म्हणाल्या, "उद्या काम कोन करणार हाय? तीच दाखवल." पण अश्विनीच्या घरी कढई पेटलेली. बाईंनी तिला काही दिवस स्वतःच्या घरी आणून ठेवलं. रोज तेल लावून, साबणानं घासून तिचे हात धुतले. तिचे कपडे वेगळे, तिची भांडी वेगळी. भाजीतसुद्धा हळद घालायचं बंद केलं. त्या दिवसांत मी एकदा बाईंकडे जेवायला गेलो होतो. पांढरं वरण आणि पांढरी बटाट्याची भाजी पाहून मला आपण आजारी असल्यासारखं वाटलं.

समितीचे तिघेजण आले. अध्यक्ष वयस्कर, सुटाबुटातले. दुसरे एक गृहस्थ सारखा फोन पाहणारे. तिसऱ्या एक बाई, ज्या काहीच बोलत नव्हत्या. प्राचार्यांच्या दालनात सत्कार झाला. शाल झाली, नारळ झाला. प्राचार्यांना आपल्या मातीचा फार अभिमान. त्यांनी प्रत्येकाला हळदीचं एकेक पाकीट दिलं आणि अध्यक्षांना म्हणाले, "उघडून वास तर घेऊन बघा, साहेब." अध्यक्षांनी वास घेतला, चिमूट बोटांत चोळली आणि रंगाची तारीफ केली. रुमालाला बोटं पुसली आणि सगळे प्रयोगशाळेत आले. बाई आधीपासून तिथं असल्यानं दालनात काय झालं ते त्यांना माहीत नव्हतं. मला माहीत होतं, पण माझ्या डोक्यात काही उजेड पडला नाही. मी शेवटी मराठीचाच.

अश्विनी तयार होती. अध्यक्षांनी टेबलावरची कुपी काठाला चिमटीत धरून उचलली, उजेडासमोर धरली, आत डोकावले आणि परत ठेवली. "हं, करा सुरुवात."

तिनं कुपीत प्रथिनाचं पाणी भरलं आणि कोरं मोजायला लावलं. आकडा शून्याजवळ थांबायला हवा होता. तो चढला. चांगला चढला. अश्विनीनं यंत्राकडे पाहिलं, मग बाईंकडे. बाई खिडकीतून बाहेर पाहत उभ्या होत्या, हात पाठीमागे. मी मागच्या बाजूला होतो म्हणून मला ते हात दिसले. पदराचं टोक त्यांनी दोन्ही मुठींत असं पिळलं होतं की बोटं पांढरी पडली होती. पण वळून पाहिलं नाही.

आणि अश्विनीला पुढं रेटता आलं असतं. थेंब टाकत गेली असती तर आकडे येत गेले असते, रेघ झकास वर चढून आडवी झाली असती. पकड आहे त्यापेक्षा घट्टच दिसली असती. त्या तिघांना काही कळलं नसतं. प्राचार्यांनी तर हातानं खूण केली, चालू द्या.

"थांबावं लागंल, सर," अश्विनी म्हणाली.

"काय झालं?" अध्यक्ष.

"कुपीला हळद लागली हाय. तुमच्या हाताची."

फोन पाहणाऱ्या गृहस्थांनीसुद्धा मान वर केली. अध्यक्ष म्हणाले, "मी नुसती धरून पाहिली."

"व्हय, सर. तेवढ्यानं व्हतं."

"हे कशावरून?"

अश्विनीनं दुसरी कुपी घेतली आणि प्रथिनाचं पाणी भरून मोजली. आकडा शून्याजवळ. मग तीच कुपी पुढं केली आणि म्हणाली, "सर, यात नुसतं बोटाचं टोक बुडवा." अध्यक्षांनी प्राचार्यांकडे पाहिलं, मग बोट बुडवलं. कुपी यंत्रात गेली आणि आकडा वर गेला. तेवढ्यात त्या न बोलणाऱ्या बाई पहिल्यांदा बोलल्या, "साध्या पाण्यात?" अश्विनीनं साध्या पाण्याची कुपी पुढं केली. अध्यक्षांनी पुन्हा बोट बुडवलं. आकडा जागचा फारसा हलला नाही. त्या बाईंनी मान डोलावली आणि वहीत काहीतरी लिहिलं. त्यानंतर अश्विनीनं कुप्या बदलल्या, कोरं मोजलं आणि शांतपणे पूर्ण मोजणी करून दाखवली. अध्यक्ष "ठीक आहे" म्हणाले. त्यांच्या चेहऱ्यावरून काहीच वाचता येत नव्हतं. हळदीचं पाकीट मात्र ते टेबलावर विसरून गेले.

समितीची गाडी फाटकाबाहेर पडली आणि प्राचार्यांचा बांध फुटला. "अध्यक्षांना बोट बुडवायला लावलं. पाहुण्याला. बाई, तुम्ही समोर होता, एक शब्द बोलता आला नाही तुम्हाला? गेली मान्यता."

"मोजणारी ती होती," बाई म्हणाल्या. "मी मधी बोलले असते तं त्यायनी मला मान्यता दिली असती. मला काय करायची? अन् खोटी रेघ दाखवून घेतली असती, तं पुढं पोरीनं हितं बसून काय मोजलं असतं?"

प्राचार्य दार आपटून गेले. बाई माझ्याकडे वळल्या आणि हळूच म्हणाल्या, "सर, जरा खुर्ची द्या." त्या दिवशी मी बाईंना खुर्चीत बसलेलं पाहिलं.

दोन महिने आम्ही सगळे एकमेकांशी जपून बोलत होतो. अश्विनीचे वडील एकदा येऊन गेले, काही विचारलं नाही, बाईंसाठी शेंगा ठेवून गेले. शेवटी मान्यता आली. तिला एक अट होती. प्रयोगशाळेत आग विझवायचं नळकांडं लावावं. मोजणीबद्दल एक अक्षर नव्हतं. बाईंनी स्वतः बाजारात जाऊन नळकांडं आणलं आणि रिक्षातून मांडीवर घेऊन आल्या.

अश्विनी शेख सरांकडे पीएचडीला रुजू झाली. बाई पुढं निवृत्त झाल्या आणि कळमनुरी तालुक्यात भावाच्या गावी राहायला गेल्या. निरोप समारंभात त्यांनी भाषण केलं नाही, यंत्र पुसायचं कापड शेख सरांच्या हातात दिलं, झालं.

अश्विनीची शेवटची तोंडी परीक्षा आमच्याच सभागृहात झाली. कोणालाही येऊन बसता येतं, म्हणून मीही गेलो. बाई गावाहून आल्या होत्या आणि मागच्या रांगेत अश्विनीच्या आई-वडिलांशेजारी बसल्या होत्या. बाहेरगावचे परीक्षक समोर. अश्विनी बोलत होती. मध्येच पडद्यावर दोन आकडे आले, एकाखाली एक. वरचा मी ओळखला. माहितीपुस्तिकेत कितीतरी वर्षं पाहिला होता.

"हा आकडा पोले बाईंचा आहे," अश्विनी म्हणाली. "तो बरोबर नाही."

सभागृहात खुर्च्या करकरल्या. ती पुढं सांगू लागली. भांडी धुताना तिच्या लक्षात आलं होतं, की उरलेल्या साध्या पाण्यातला पिवळा रंग बघता बघता फिका पडतो, आणि प्रथिन असलेल्या पाण्यातला टिकतो. म्हणजे जे रेणू प्रथिनात बसले ते राहतात, बाकीचे पाण्यातच तुटून जातात. बाई प्रत्येक थेंबानंतर बराच वेळ थांबायच्या, सगळं नीट बसू दे म्हणून. तेवढ्या वेळात उरलेला रंग तुटत जायचा, पण हिशोबात तो पुरताच धरला जायचा. स्टँडवरची निम्मी माणसं घरी निघून गेलेली आणि आपण मात्र सगळी मोजलेली. अश्विनीनं झटपट मोजून पाहिलं, तर आकडा बराच लहान आला. पकड बाईंनी सांगितली होती त्यापेक्षा पुष्कळ घट्ट होती.

मागे वळून पाहायचा मला धीर झाला नाही. परीक्षकांनी विचारलं, "पोले मॅडम सभागृहात आहेत असं कळलं. त्यांना काही म्हणायचं आहे का?"

"एकच इचारते," मागून आवाज आला. माइक नव्हताच. "तुटलेले तुकडे बी प्रथिनाला धरत असतील. ते मोजलं का?"

अश्विनीनं पडद्यावरच्या दोन्ही आकड्यांकडे पाहिलं. मग म्हणाली, "नाही, बाई. ते राहिलंय."

"मंग ते पुढचं काम," बाई म्हणाल्या आणि खाली बसल्या. अश्विनीला पदवी मिळाली. तिच्या वडिलांनी सभागृहातल्या प्रत्येकाच्या हातात, ओळख असो नसो, पेढा ठेवला.

संध्याकाळी मी बाईंना एसटी स्टँडवर सोडायला गेलो. गाडी लागलेली होती. बाई नेहमीसारख्या झपाझप पुढं आणि मी मागून. विचारावं की नाही, असं मला सारखं होत होतं. शेवटी विचारलंच, "बाई, वाईट वाटलं का?"

"वाटलं की. खोटं काहून बोलू? लई जपला होता सर मी तो आकडा." त्यांचे डोळे भरले होते आणि त्यांनी ते लपवले नाहीत. "मी आपली बसायची वाट बघत उभी, आन ते तिकडं तुटून राहिलं होतं. दुसऱ्या कुनी चूक काढली असती तं मी भांडले असते, पत्रं लिहिली असती. ही चूक हिंगोलीत झाली आन हिंगोलीतच दुरुस्त झाली. तेवढ्यासाठी कुनाला नांदेडला जावं लागलं न्हाई. आजूक काय पायजे?"

त्या गाडीत चढल्या. खिडकीजवळ एक म्हातारी बोचकं घेऊन बसली होती, बाई तिच्या शेजारी बसल्या. मी खाली उभा होतो. चालकानं इंजिन सुरू केलं, तरी बाईंचा आवाज त्यावरून येतच होता, "माझा आकडा खोटा ठरला, मावशी. माझ्याच लेकरानं ठरवला, साऱ्या लोकांसमोर." म्हातारीला काय समजलं कोण जाणे. या बाईवर काहीतरी वाईट वेळ आली आहे असंच तिला वाटलं असावं. तिनं बोचकं मांडीवरून खाली ठेवलं आणि बाईंचा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला. गाडी वळली तेव्हा तिनं तो तसाच धरून ठेवलेला होता, आणि बाई हसत होत्या.